निलगिरीला खत देताना विहिरीचे पाणी कसे सांभाळावे

शेताच्या एखाद्या तुकड्यात निलगिरीची कलमी रोपे लावून पाच-सहा वर्षांत लाकूड विकायचे ठरवले, की शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न खताचा येतो, आणि त्यावर त्याला सहसा दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो की हे रानटी झाड आहे, त्याला खताची गरजच नाही. दुसरा सांगतो की उसाला देता तसेच द्या, झाड दुप्पट वाढेल. पहिल्या सल्ल्याने हलक्या जमिनीत रोपे खुरटतात, आणि दुसऱ्याने झाड दुप्पट वाढत नाही ते नाहीच, पण दिलेल्या नत्राचा मोठा भाग मुळांच्या हाती न लागता खाली विहिरीकडे जातो. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्राच्या पठारावरील, म्हणजे बेसाल्ट खडकावरच्या काळ्या किंवा मुरमाड जमिनीतील निलगिरीच्या लागवडीसाठी आहे. कोकणातील जांभ्या जमिनीला किंवा नदीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीला ते जसेच्या तसे लागू पडणार नाही.

आधी पाण्याचा हिशेब

खताची मात्रा ठरवण्यापूर्वी आपल्या शेतातून जमिनीखाली किती पाणी जाते याचा अंदाज घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पठारावरील विहिरींचे पाणी प्रामुख्याने कुजलेल्या खडकाच्या थरात, म्हणजे आपण ज्याला मुरूम म्हणतो त्यात, आणि त्याखालच्या पाषाणातील भेगांत साठते. ही साठवणीची जागा फार थोडी असते. भूजलाच्या अंदाजासाठी आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या प्रमाणांनुसार कुजलेल्या बेसाल्टात पावसाच्या साधारण ६ ते ८ टक्केच पाणी भूजलापर्यंत पोहोचते असे धरतात. सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टात हे प्रमाण १२ ते १४ टक्क्यांपर्यंत जाते.

वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात ७ टक्के धरले, तर सुमारे ५० मिलिमीटर पाणी खाली जाते, म्हणजे एकराला २ लाख लिटर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानक १०५०० नुसार लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिच्यात कोणतीही सवलत दिलेली नाही. या २ लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यासाठी ९ किलो नायट्रेट, म्हणजे नत्राच्या हिशेबाने जेमतेम २ किलो पुरते. युरियात ४६ टक्के नत्र असते, तेव्हा हे झाले साडेचार किलो युरिया. ४५ किलोच्या गोणीचा दहावा हिस्सा. एकरभर लागवडीतून एवढा युरिया पावसाबरोबर निसटणे किती सोपे आहे, हे ज्याने आषाढातल्या पावसात मुठीने युरिया फेकताना पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. प्रत्यक्षात शेजारच्या पडीक रानातून आलेले पाणी मिसळून विहिरीतले प्रमाण कमी होते आणि काही नायट्रेट ओलसर, हवा नसलेल्या थरांत वायुरूपाने उडूनही जाते, पण या दोन्हींवर आपला ताबा नसल्यामुळे हिशेब करताना त्यांच्यावर विसंबू नये.

युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांत त्याचे अमोनियम बनते. अमोनियमचा कण धनभारित असतो आणि चिकणमातीचे कण ऋणभारित, म्हणून काळी जमीन त्याला धरून ठेवते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट ऋणभारित असल्यामुळे माती त्याला धरत नाही आणि ते पाण्याबरोबर जिकडे पाणी जाईल तिकडे जाते. कडुनिंबाचे आवरण असलेला युरिया, जो २०१५ पासून आपल्याकडे सक्तीचा झाला, हे रूपांतर थोडे लांबवतो. तो ते थांबवत मात्र नाही.

आता यात निलगिरीची स्वतःची भर पडते, आणि खताची चर्चा करताना नेमकी तीच सुटते. खत मिळाले की झाडाचा पाला वाढतो, पाला वाढला की ते अधिक पाणी उपसते, आणि खाली जाणारे पाणी कमी होते. खत दिलेले झाड दर लिटर पाण्यामागे अधिक लाकूड बनवते हे खरे असले, तरी एकूण पाणी ते जास्तच पिते. दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान येथे एका छोट्या पाणलोटात निलगिरी लावल्यावर नवव्या वर्षी तेथील ओढा पूर्ण आटला, आणि सोळाव्या वर्षी झाडे तोडल्यानंतरही तो वाहता व्हायला पाच वर्षे लागली. त्या देशाच्या १९९८ च्या जलकायद्यात व्यापारी वनलागवडीला ओढ्या-नद्यांचा प्रवाह घटवणारे काम म्हणून गणले आहे. आपल्या शेजारी कर्नाटकात होस्कोटे येथील अभ्यासात खोल मातीतील निलगिरीने पडलेल्या पावसापेक्षाही अधिक पाणी वापरल्याचे दिसले, कारण मुळे वर्षागणिक खोल जाऊन मातीतली जुनी ओल उपसत होती. वरच्या उदाहरणात खाली जाणारे पाणी ५० वरून २५ मिलिमीटरवर आले, तर विहिरीला मर्यादेपर्यंत नेण्यासाठी एकरी २ किलोऐवजी १ किलोच नत्र पुरेल. म्हणून खताचा आणि पाण्याचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडता येत नाही.

लागवडीपूर्वी

मे महिन्यात, पावसाआधी, दोन तपासण्या करून घ्याव्यात: मातीची आणि विहिरीच्या पाण्याची. माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश यांबरोबर सामू, चुनखडीचे प्रमाण, जस्त आणि बोरॉन अवश्य सांगावे, कारण कोरड्या भागात निलगिरीचे शेंडे वाळण्यामागे अनेकदा बोरॉनची कमतरता असते आणि शेतकरी ती नत्राची समजून युरिया वाढवत नेतो. पाण्याच्या तपासणीशिवाय लागवड करूच नये असे माझे मत आहे. आधीच विहिरीत ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि आपल्याला ते तीन वर्षांनी कळले, तर दोष खताचा की गोठ्याचा हे ठरवता येणार नाही.

जागा निवडताना पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर पट्टा मोकळा सोडावा. विहिरीपासून निदान ३० मीटर आणि ओढ्यापासून १५ मीटर एवढे अंतर मी धरीन. उताराच्या शेतात विहिरीच्या वरच्या अंगाला हे अंतर आणखी वाढवावे. त्या पट्ट्यात स्थानिक गवत राहू द्यावे. चिबड जागेत किंवा पाझराच्या तोंडावर निलगिरी लावण्याचा मोह टाळावा. तेथे झाड झपाट्याने वाढते खरे, पण ते ज्या पाण्यावर वाढते ते खालच्या कोणाच्या तरी विहिरीचे असते.

अंतर ३ × २ मीटर ठेवल्यास एकरी सुमारे ६७४ झाडे बसतात. पाऊस ६०० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ४ × २ मीटर ठेवावे, म्हणजे एकरी ५०० च्या आसपास. ओळींच्या मध्ये समतल चर काढले तर पावसाचे पाणी मुरायला मदत होते, मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे: पाणी मुरवण्याचा चर आणि खत देण्याचे आळे एकमेकांपासून दूर असले पाहिजेत. चरात खत टाकणे म्हणजे ते थेट विहिरीत नेऊन सोडण्यासारखे आहे.

किती द्यावे

मात्रा ठरवताना झाड शेवटी शेतातून काय घेऊन जाते ते पाहावे. वाळलेल्या लाकडात हजार किलोमागे साधारण १ ते २ किलो नत्र असते, तर पाल्यात त्याच्या दहापट किंवा अधिक. पाच वर्षांत एकरी २० टन वाळके लाकूड निघाले असे हिशेबापुरते धरले आणि पाला व साल शेतातच ठेवली, तर लाकडाबरोबर २० ते ४० किलो नत्र बाहेर जाते, आणि तेही पाच वर्षांत मिळून. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे आणि ती एका पिकापुरती आहे. उसाची सवय लागलेला हात निलगिरीवर तसाच चालवला तर काय होईल, हे या दोन आकड्यांवरूनच दिसते.

म्हणून मध्यम जमिनीसाठी पुढील प्रमाण पुरेसे समजावे, आणि माती परीक्षणानुसार त्यात कमीजास्त करावे. लागवडीच्या वेळी खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत ४ ते ५ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट १०० ग्रॅम मातीत मिसळून घालावे. स्फुरद मातीला, विशेषतः चुनखडीच्या मातीला, घट्ट चिकटतो आणि खाली झिरपत नाही, त्यामुळे तो एकदाच खड्ड्यात दिला तरी चालतो. त्याचा धोका वेगळा आहे: मातीबरोबर वाहून तो गावतळ्यात गेला की तेथे शेवाळ माजते, म्हणून तो मातीच्या वर पसरू नये. पहिल्या वर्षी झाडामागे एकूण २० ग्रॅम नत्र, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आत युरिया, तीन हप्त्यांत द्यावा. एकराला हा सगळा मिळून ३० किलो होतो. दुसऱ्या वर्षी झाडामागे ३० ग्रॅम नत्र, म्हणजे एकराला साधारण एक गोणी युरिया, दोन हप्त्यांत. माती परीक्षणात पालाश आणि बोरॉन कमी आढळले तरच ते द्यावेत. बोरॉन बोरॅक्सच्या रूपात झाडामागे ५ ते १० ग्रॅम एकदाच द्यावे, कारण त्याची जास्त मात्रा झाडाला विषारी ठरते आणि तेही पाण्याबरोबर खाली उतरते.

तिसऱ्या वर्षापासून नत्र बंद करावे. एव्हाना ओळींतली झाडे एकमेकांना भिडलेली असतात आणि पडलेल्या पाचोळ्यातून झाडाच्या गरजेचा मोठा भाग परत मिळू लागतो. झाडे पिवळी दिसत असतील तर खत घालण्याआधी त्याचे कारण शोधावे. बहुतेक वेळा ते पाणी साचणे, जस्ताची उणीव किंवा चुनखडीमुळे आलेला लोहाचा अभाव यांपैकी एक असते.

कोंबडीखताविषयी एक सावधगिरी. ते सेंद्रिय आहे म्हणून निर्धोक, असा समज सर्वत्र आहे, पण त्यातले नत्र शेणखतापेक्षा पुष्कळ अधिक असते आणि झपाट्याने सुटे होते. ट्रॅक्टरभर ताजे कोंबडीखत लागवडीत ओतणे आणि युरियाच्या गोण्या रिकाम्या करणे, यांत विहिरीच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

केव्हा आणि कसे द्यावे

मात्रेपेक्षाही वेळ महत्त्वाची आहे. नव्या रोपाच्या मुळांचा पसारा पहिल्या महिन्यात एखाद्या वाडग्याएवढा असतो, आणि त्याच महिन्यांत आपल्याकडे सर्वाधिक पाऊस पडतो. भिजून तृप्त झालेल्या जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर भारी जमिनीत नायट्रेट ढोबळमानाने १२ ते १५ सेंटिमीटर खाली सरकते, आणि हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत ३० सेंटिमीटरपर्यंत. आषाढातल्या एका झडीत ते रोपाच्या मुळांखाली गेलेले असते, आणि गेलेले परत येत नाही.

काळ्या जमिनीत आणखी एक धोका आहे. उन्हाळ्यात तिला हात-दोन हात खोल भेगा पडतात आणि मृगाचे पहिले पाणी मातीतून न झिरपता या भेगांतून सरळ खाली जाते. जमीन ओली होऊन भेगा मिटेपर्यंत खताचा दाणाही शेतात पडता कामा नये. 'पाऊस येतोय, तेवढ्यात खत फेकून घेऊ' ही आपली जुनी सवय येथे सर्वांत महागात पडते.

रोपे आर्द्राच्या किंवा पुनर्वसूच्या पावसात लावली असे धरले, तर युरियाचा पहिला हप्ता तीन-चार आठवड्यांनी, नवी पालवी दिसल्यावर आणि पावसाने उघडीप दिल्यावर, वाफसा असताना द्यावा. हा हप्ता सर्वांत लहान, झाडामागे १० ग्रॅम ठेवावा. दुसरा हप्ता सप्टेंबरच्या मध्यास, उत्तरा नक्षत्रात, पावसाचा जोर ओसरल्यावर द्यावा. तो १५ ते २० ग्रॅम असला तरी चालतो, कारण तोवर मुळे पसरलेली असतात आणि पुढे परतीच्या सरी वगळता जमीन धुणारा पाऊस नसतो. तिसरा हप्ता हिवाळ्यात पाण्याची सोय असेल तरच द्यावा. सोय नसेल तर तो हप्ता सरळ सोडून द्यावा, पुढच्या वर्षाच्या मात्रेत मिळवू नये. दुसऱ्या वर्षीचे दोन हप्तेही असेच विभागावेत: एक जुलैत जमीन नीट भिजल्यावर उघडिपीत, दुसरा सप्टेंबरात.

युरिया बुंध्याशी टाकू नये आणि ओळींत फेकूही नये. पहिल्या वर्षी बुंध्यापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर, दुसऱ्या वर्षी ५० ते ६० सेंटिमीटरवर, म्हणजे पाल्याच्या घेराच्या कडेखाली, खुरप्याने ५ ते ७ सेंटिमीटर खोल गोल चर काढून त्यात खत टाकावे आणि लगेच मातीने झाकावे. उताराच्या जमिनीत पूर्ण गोलाऐवजी वरच्या अंगाला अर्धगोल पुरतो. उघडा पडलेला युरिया चुनखडीच्या जमिनीत अमोनिया होऊन उडून जातो, आणि झाडाला कमी पडले असे वाटून शेतकरी पुन्हा टाकतो. मोजण्यासाठी घरच्या तराजूवर १५ ग्रॅम युरिया एकदा तोलून एखाद्या लहान झाकणावर खूण करून घ्यावी. मजुराच्या मुठीत याच्या दुप्पट-तिप्पट सहज मावतो. ओळींमधले तण मुळासकट साफ करण्याचा आग्रहही धरू नये. आळ्यापुरती खुरपणी पुरे, कारण ओळींमधले गवत किंवा पहिल्या वर्षी पेरलेला ताग सुटलेले नायट्रेट पकडून ठेवतो.

ठिबक असेल तर खत अधिक नेमके देता येते, पण चूकही तितक्याच वेगाने होते. पाण्यात विरघळलेला युरिया अमोनियम होण्याआधी मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर पुढे सरकतो. म्हणून सिंचनाच्या सुरुवातीला साधे पाणी, मधल्या टप्प्यात खत आणि शेवटी नळ्या धुण्यापुरतेच पाणी, असा क्रम ठेवावा. खत सोडून मोटर रात्रभर चालू ठेवणे म्हणजे ऐन उन्हाळ्यात पावसाळा आणण्यासारखे आहे.

सुबाभूळ लावणाऱ्यांनी वरचा नत्राचा भाग पूर्णपणे वगळावा. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र घेतात, तिला स्फुरद पुरतो.

विहिरीवर लक्ष कसे ठेवावे

वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन मोजमापे घ्यावीत. पाण्याची पातळी मोजायला दोरीला वजन बांधून काठावरच्या एकाच खुणेपासून मोजले तरी पुरते. मात्र केवळ आपल्या विहिरीची नोंद ठेवून काही कळत नाही, कारण पाऊस चांगला झाला की पातळी वाढते आणि झाडांचा परिणाम त्यात झाकला जातो. लागवडीपासून दूर असलेली, तशाच खडकातली एखादी विहीर सोबत मोजावी, आणि त्या दोहोंतला फरक वर्षानुवर्षे वाढतो आहे का ते पाहावे.

नायट्रेटसाठी नमुना घेण्यापूर्वी मोटर थोडा वेळ चालवावी, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि थंड ठेवून शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. जल जीवन मिशनअंतर्गत ग्रामपंचायतींना दिलेल्या तपासणी संचातही नायट्रेटची चाचणी असते, प्राथमिक अंदाजासाठी ती उपयोगी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नत्राचा हे आधी पाहावे. दुसरा असेल तर त्याला ४.४३ ने गुणावे, नाहीतर १५ हा धोक्याचा आकडा बिनधोक वाटेल. मुरमाड जमिनीत खताचा परिणाम त्याच पावसाळ्यानंतर दिसू शकतो, तर खोल काळ्या जमिनीत तो यायला काही वर्षे लागतात, त्यामुळे पहिल्या चांगल्या अहवालावर निर्धास्त होऊ नये.

आकडा ३० च्या वर चढू लागला तर पुढचा नत्राचा हप्ता थांबवावा आणि विहिरीजवळचा गोठा, उकिरडा व शौचालयाचा शोषखड्डा तपासावा. नायट्रेटबरोबर क्लोराईडही वाढले असेल तर संशय खतापेक्षा त्यांच्यावर अधिक जातो. ४५ च्या वर गेल्यास सहा महिन्यांखालील बाळाच्या वरच्या दुधासाठी ते पाणी वापरू नये, कारण नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते दाट होते.

तोडणीच्या वेळी

सर्वाधिक नायट्रेट सुटण्याची वेळ खत देण्याची नसून झाडे तोडण्याची असू शकते, आणि याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रुक येथे १९६५ मध्ये एका पाणलोटातली सर्व झाडे तोडून तीन वर्षे तणनाशकाने नवी वाढ रोखली गेली, तेव्हा खताचा कणही न घालता तेथील ओढ्यातले नायट्रेट पिण्याच्या मर्यादेपलीकडे गेले. कुजणाऱ्या पाल्यातून आणि मातीतून नत्र सुटतच राहते, ते घेणारी मुळे मात्र थांबलेली असतात.

निलगिरीचा बुंधा पुन्हा फुटतो ही येथे आपली जमेची बाजू आहे. तोड कार्तिक ते माघ या काळात केली, तर मृगापर्यंत फुटवे कमरेइतके होतात आणि पावसाळ्यातले नायट्रेट उचलून घेतात. मे महिन्यात तोड केली तर उघडी जमीन आणि पहिला पाऊस यांची गाठ पडते. साल आणि पाला शेतातच पसरून ठेवावा, जाळू नये. प्रत्येक बुंध्यावर एक किंवा दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे एकदम न काढता दोन टप्प्यांत काढावेत. तोडीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात युरिया देऊ नये, कारण त्या वर्षी जमीनच तो पुरवते. निलगिरी काढून दुसरे पीक घ्यायचे असेल, तर बुंधे मारण्यापूर्वीच ओळींमध्ये ताग किंवा चाऱ्याची ज्वारी पेरून ठेवावी, त्या हंगामात नत्राचे खत टाळावे आणि नोव्हेंबरातला विहिरीचा नमुना त्या वर्षी चुकवू नये.